गाण्याला आश्रय लागतो : मुंबईच्या संगीताची गोष्ट

मंडळी, नांदगाव पेठेत बसून समुद्रकाठच्या मुंबईचं गाणं कशाला काढायचं, असं कुणी विचारेल. पण नातं जुनं आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि आपल्या पऱ्हाटीच्या गाठी थेट मुंबईकडे निघाल्या. त्या कापसाच्या व्यापारावर शहर वाढलं, आणि वाढत्या शहराकडे गाणारेही आले.

आमचा विषय तत्त्वज्ञानाचा, म्हणून एक मुद्दा तिथून घेतो. न्याय-वैशेषिक दर्शन म्हणतं, ध्वनी हा आकाशाचा गुण आहे. गुण एकटा राहत नाही, त्याला आश्रय लागतो; रंगाला कापड लागतं तसा. शिवाय ध्वनी उपजतो, पुढच्या ध्वनीला जन्म देतो आणि विरतो. लाटेतून लाट उठावी तसं हे चालतं, म्हणून त्याला वीचीतरंगन्याय म्हणतात. हा न्याय गाण्याच्या इतिहासाला लावून पाहू.

पूर्वी गवयाचा आश्रय म्हणजे दरबार. मुंबईत दरबार नव्हता. मग आश्रय कुणी दिला? शेठ-सावकारांच्या बैठकांनी, फी भरून शिकणाऱ्यांनी आणि हौशी मंडळांनी. १८७० मध्ये पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली. पुढे पंडित भातखंडे तिथेच घडले, आणि ते व्यवसायाने वकील. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला काढलेलं गांधर्व महाविद्यालय १९०८ मध्ये मुंबईत आलं.

मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ भेंडीबाजारात राहिले. आता बघा, ग्वाल्हेर, आग्रा, किराणा ही घराण्यांची नावं मूळ गावांवरून पडली. यांच्या घराण्याला मात्र राहत्या बाजाराचं नाव मिळालं. त्यांच्याकडे शिकल्या अंजनीबाई मालपेकर, मूळ गोव्याच्या. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई आणि मोगूबाई याही गोव्याच्याच. गुरू उत्तरेचे, शिष्या गोमंतकाच्या, आणि गाणं बहरलं मुंबईत.

दुसरा आश्रय होता गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार चाळीच्या एकेका खोलीत दाटीनं राहत. पाळी सुटली की भजनाच्या बाऱ्या, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगारांच्या रंगभूमीचं घर. लालबागचं हनुमान थिएटर तमाशाचं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पुढे याच शाहिरांच्या आवाजात घरोघर पोचली.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येकांना पुन्हा काम मिळालंच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. गाण्यावर कुणी बंदी घातली नव्हती. गाणारे गळेही होते. पण पाळीनंतर एकत्र बसणारी माणसं पांगली, आणि आश्रय गेला.

आता तुम्ही म्हणाल, सर, सगळं मोबाइलवर आहे की! आहे, आणि ते मोलाचंही आहे. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. आवाज जपला गेला खरा. पण तिथे समोर बसून शिकणारं, चुकलं की टोक खाणारं कुणी नाही. ध्वनिमुद्रण एक लाट सांभाळतं. तिच्यातून पुढची लाट उठायची तर ऐकणारा जिवंत माणूस लागतो.

हे इथे सांगायचं कारण असं. ज्या नांदगाव पेठेचा कापूस मुंबईला जायचा, तिथल्या औद्योगिक वसाहतीत आज कापडाचे कारखाने आहेत. बाहेरगावची पोरं कामाला येतात. आपल्या शेजारच्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन गावंच्या गावं एकत्र बसवली होती. या पोरांच्या गाण्याला आपल्या गावात संध्याकाळी बसायला जागा आहे काय? मंदिराचा सभामंडप आहे, शाळेची एखादी खोली आहे. किल्ली कुणाकडे असते, तेवढं उद्या विचारून ठेवा.