निवडुंग पोखरणारा पतंग

कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम हा राखाडी-तपकिरी पतंग मूळचा अर्जेंटिना, पॅराग्वे या भागातला. दिसायला अगदी साधा. त्याची मादी अंडी एकावर एक चिकटवत एक बारीक काडी तयार करते. ही काडी फड्या निवडुंगावर काट्यासारखीच दिसते, त्यामुळे सहज नजरेत येत नाही. अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या जमावानेच हल्ला करतात. एक अळी जाड साल कुरतडते आणि बाकीच्या त्याच भोकातून आत शिरतात. पानासारखे दिसणारे ते मांसल खोड आतून पोकळ होते, मग सडून कोसळते. मोठ्या झालेल्या अळ्या नारिंगी-लाल असतात आणि त्यांच्यावर काळे पट्टे असतात. प्रौढ पतंग मात्र काहीच खात नाही.

ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेल्या निवडुंगाने सुमारे 6 कोटी एकर जमीन व्यापली होती. 1925 मध्ये अर्जेंटिनातून या पतंगाची अंडी आणली गेली आणि पुढच्या वर्षापासून तो मोकळा सोडण्यात आला. काही वर्षांतच निवडुंगाची घनदाट राने कोसळली. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावाने तर या कीटकाच्या नावाने सभागृह उभारले.

कॅरिबियन बेटांवर 1957 मध्ये केलेला हाच प्रयोग मात्र महागात पडला. 1989 मध्ये पतंग फ्लोरिडात आढळला आणि तिथल्या दुर्मीळ स्थानिक निवडुंगांवर तुटून पडला. मेक्सिकोत निवडुंग रोजच्या जेवणातली भाजी आहे. तिथल्या इस्ला मुहेरेस बेटावर 2006 मध्ये हा पतंग सापडताच बाधित झाडे नष्ट करून त्याचा नायनाट करण्यात आला.