संगीत तंत्रविद्या : पदव्युत्तर शिक्षण

संगीताची निर्मिती, मुद्रण, विश्लेषण आणि पुनरुत्पादन यांसाठी वापरण्यात येणाऱ्या इलेक्ट्रॉनीय व संगणकीय साधनांचा आणि त्यांमागील शास्त्रीय तत्त्वांचा विद्यापीठीय पातळीवरील उच्च अभ्यास. ध्वनिकी, इलेक्ट्रॉनीय अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, श्रवणाचे मानसशास्त्र आणि संगीतशास्त्र या विषयांच्या सीमेवर ही विद्याशाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आली. ध्वनिमुद्रणगृहातील यंत्रे कुशलतेने हाताळता येणे हे तिचे एक अंग आहे; तथापि प्रत्येक साधनात संगीताविषयीची काही गृहीते आधीच अंतर्भूत असतात, ती ओळखणे, तपासणे व आवश्यक तेथे बदलणे हे पदव्युत्तर अभ्यासाचे मुख्य कार्य होय. भारतीय संगीताच्या दृष्टीने या कार्याला विशेष महत्त्व आहे.

इतिहास : प्येअर शेफर (१९१०–९५) यांनी १९४८ मध्ये पॅरिस येथील नभोवाणी केंद्रात मुद्रित ध्वनींच्या जुळणीतून संगीतरचना केल्या. १९५१ मध्ये जर्मनीतील कोलोन नभोवाणीने इलेक्ट्रॉनीय संगीताची कार्यशाळा स्थापन केली. अमेरिकेत मॅक्स मॅथ्यूझ (१९२६–२०११) यांनी बेल प्रयोगशाळेत १९५७ मध्ये ध्वनिनिर्मितीची पहिली संगणकीय आज्ञावली लिहिली व तिच्या साहाय्याने सु. सतरा सेकंदांची एक रचना संगणकाकडून वाजवून घेतली. याच सुमारास कोलंबिया, प्रिन्स्टन व इलिनॉय या विद्यापीठांत इलेक्ट्रॉनीय संगीताच्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. नेदर्लंड्समधील उत्रेक्त विद्यापीठात १९६७ पासून ध्वनिविद्येचा स्वतंत्र अभ्यासक्रम शिकविला जाऊ लागला. ती संस्था १९८६ मध्ये हेग येथील शाही संगीत विद्यालयात विलीन झाली.

या विद्याशाखेचे स्वरूप स्पष्ट करणारे उदाहरण अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आहे. तेथे संगीतरचनेचे पदव्युत्तर शिक्षण घेत असलेले जॉन चौनिंग (१९३४– ) यांनी मॅथ्यूझ यांच्या कार्याने प्रभावित होऊन १९६४ मध्ये विद्यापीठाच्या संगणकावर ध्वनिनिर्मितीचे प्रयोग आरंभिले. एखाद्या स्वराच्या कंप्रतेत (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येत) सेकंदाला पाचसहा वेळा चढउतार केल्यास कानाला स्वरकंप जाणवतो. हाच चढउतार सेकंदाला शेकडो वेळा केला असता कंप ऐकू न येता स्वराची जातीच पालटते, असे त्यांना १९६७ मध्ये आढळून आले. केवळ दोन आंदोलकांच्या साहाय्याने घंटा, पितळी वाद्ये इत्यादींसारखे समृद्ध नाद या पद्धतीने निर्माण करता येतात. कंप्रता विरूपणाचे तत्त्व नभोवाणी प्रक्षेपणात पूर्वीपासून वापरात होते. त्याचा संगीतातील हा उपयोग मात्र संगीतकाराच्या कानाने शोधला. विद्यापीठाने या पद्धतीचे हक्क जपानच्या यामाहा कंपनीस दिले व त्या कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेले ‘डीएक्स ७’ हे वाद्य जगभर लोकप्रिय झाले. चौनिंग व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्ड येथे संगीत व ध्वनिकी यांचे संगणकीय संशोधन केंद्र (उच्चारी ‘कार्मा’) स्थापन केले. संगीतरचनाकार आणि अभियंते एकाच प्रयोगशाळेत काम करतात, हे या केंद्राचे वैशिष्ट्य होय. पॅरिसमध्ये प्येअर बूलेझ यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सुरू झालेली ‘इरकाम’ ही संस्थाही याच धर्तीची आहे.

अभ्यासक्रम : प्रवेशासाठी सामान्यतः संगीत, भौतिकी, अभियांत्रिकी वा संगणकशास्त्र यांपैकी एका विषयातील पदवी अपेक्षित असते. संगीताच्या पदवीधरास गणित व आज्ञावलीलेखन, तर अभियंत्यास स्वरज्ञान व श्रवणाचा अभ्यास भरून काढावा लागतो. पदव्युत्तर पदवीचा कालावधी बहुधा एक ते दोन वर्षांचा असतो आणि अखेरीस प्रबंध, नवे उपकरण वा संगीतरचना सादर करावी लागते.

अध्यापनाचा पाया अंकीय संदेशप्रक्रिया हा आहे. ध्वनितरंगाचे ठराविक कालांतराने मापन करून त्याचे आकड्यांत रूपांतर केले जाते. मूळ तरंग त्या आकड्यांतून पुन्हा मिळण्यासाठी मापनाचा वेग ध्वनीतील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. मानवी कानास सु. २०,००० पर्यंतच्या कंप्रता ऐकू येतात. म्हणून १९८२ मध्ये प्रचारात आलेल्या ध्वनितबकडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापने हे प्रमाण ठरविण्यात आले. फूर्ये विश्लेषण, छानकांची रचना, सभागृहातील घुमाऱ्याचे अनुकरण आणि ध्वनिसंश्लेषण हे यापुढील विषय होत. श्रवणाच्या मानसशास्त्रात मोठा ध्वनी जवळच्या कंप्रतेच्या लहान ध्वनीस कसा झाकून टाकतो, यांसारख्या प्रश्नांचा विचार होतो. ध्वनिसंचिकांचा आकार लहान करण्याच्या पद्धती याच गुणधर्मावर आधारलेल्या आहेत. प्रात्यक्षिकांत सीसाउंड, मॅक्स, प्युअर डेटा इ. आज्ञावली-भाषा वापरतात. विशिष्ट यंत्रे थोड्याच वर्षांत कालबाह्य होत असल्यामुळे चांगल्या अभ्यासक्रमांत यंत्रांपेक्षा तत्त्वांवर भर असतो.

साधनांतील गृहीते : इलेक्ट्रॉनीय वाद्ये परस्परांना जोडण्यासाठी १९८३ मध्ये ‘मिडी’ ही संकेतप्रणाली सर्वमान्य झाली. तीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले असून सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरलेले आहेत. पट्टी दाबली आणि सोडली, या दोन घटनांत स्वर सामावतो, ही पियानोसारख्या वाद्यावरून घेतलेली कल्पना तिच्या मुळाशी आहे. सप्तकाचे १,२०० सेंट मानले, तर या पद्धतीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार (गुणोत्तर ५ : ४) सु. ३८६ सेंटांवर असतो. हा फरक क्रमांकात थोडी दुरुस्ती करून भरून काढता येतो. परंतु दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार हा एक बिंदू नसून एक हालचाल आहे. मींड, गमक व आंदोलन यांची नोंद करताना पट्टीची कल्पनाच अपुरी पडते. मूळ प्रणालीत स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांची सोय होती. मात्र ती एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच लागू होई. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची प्रमाणित सोय २०१८ मध्ये आणि प्रणालीची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली.

भारतीय संदर्भ : यंत्राच्या साहाय्याने भारतीय स्वरांचे मापन करण्याचा प्रयत्न या विद्याशाखेच्या जन्मापूर्वीचा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे बावीस श्रुतींचे मापन करून १९१० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातूनच श्रुति-हार्मोनियमची कल्पना पुढे आली. चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८–१९७०) यांनी तबला व मृदंग यांच्या शाईमुळे त्यांचे अधिस्वर सुसंवादी कसे होतात, हे दाखवून दिले. नाझीर जैराझभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत मात्र प्रत्यक्ष गायनवादनातील स्वरस्थाने कलाकारागणिक बदलतात असे आढळले. त्यामुळे श्रुतींची अचल मोजपट्टी प्रत्यक्ष प्रयोगास लागू करण्याविषयी शंका निर्माण झाली [⟶ श्रुति]. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मोग संश्लेषकासह इलेक्ट्रॉनीय संगीताची कार्यशाळा उभारली. ती थोडीच वर्षे चालली. जेम्स किपेन व बर्नार्ड बेल यांनी १९८०–९० या दशकात तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण मांडणारी ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावली तयार केली.

‘कार्मा’ केंद्रात १९८९ मध्ये विद्यावाचस्पती पदवी मिळविलेले शाव्येर सेर्रा यांनी पुढे बार्सेलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात संगीत तंत्रविद्येचा संशोधन गट स्थापन केला. त्यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये ‘कॉम्पम्यूझिक’ हा प्रकल्प सुरू झाला. पाश्चात्त्य संगीतावर बेतलेल्या विश्लेषणपद्धती इतर परंपरांना का अपुऱ्या पडतात, याचा शोध घेणे हा त्याचा हेतू होता. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदलुसी व चिनी या पाच परंपरांचा त्यात समावेश होता. मुंबई व मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थांनी त्यास सहकार्य केले. तेथे सुटलेला एक प्रश्न बोधप्रद आहे. पाश्चात्त्य पद्धतीत आधारस्वराची कंप्रता प्रमाणित असते. येथे षड्ज गायकाच्या आवाजावर अवलंबून असतो व मुद्रणावर त्याची नोंदही नसते. षड्ज सापडल्याखेरीज संगणकाला रागाविषयी काहीच सांगता येत नाही. गायकाच्या स्वराबरोबरच पार्श्वभूमीवरील तंबोऱ्याचेही विश्लेषण करून तो शोधण्यात आला. ज्या ध्वनीला विश्लेषक एरवी अडथळा मानून वगळतील, तोच येथे उत्तराची किल्ली ठरला.

भारतात संगीत तंत्रविद्येची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी विरळ आहे. पुणे येथील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील ध्वनिविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रम मुख्यत्वे चित्रपटाच्या गरजांशी निगडित आहे, तर तंत्रविज्ञान संस्थांतील संशोधन संदेशप्रक्रियेच्या अंगाने चालते. संगीताचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि अभियांत्रिकीचे संशोधक बहुधा वेगवेगळ्या संस्थांत शिकतात. मुद्रणांतील राग, ताल व स्वरवाक्ये यांची विश्वसनीय नोंद जाणकार गायकवादकांनीच करावी लागते. तिच्याअभावी संगणकाने काढलेली स्वररेषा अचूक असूनही तिचा सांगीतिक अर्थ लागत नाही. यामुळे दोन्ही शिक्षणांचा मेळ घालणे हा भारतातील या विद्याशाखेपुढील प्रमुख प्रश्न आहे.