कोलकात्यांतील चिनी नववर्ष

गुढीपाडवा व नाताळ हे सण आमच्या वाचकांस सुपरिचित आहेत. परंतु आपल्याच देशांत आणखी एक नववर्ष पाळलें जातें, याची पुष्कळांस कल्पना नसेल. तें कोलकात्यांतील चिनी लोकांचें नववर्ष होय.

तें २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतें. चिनी पंचांगांतही आपल्याप्रमाणें महिने चंद्राचे असून, ऋतूंशीं मेळ राहावा म्हणून मधूनमधून अधिक मास धरतात. सणापूर्वीं घर झाडून लख्ख करतात व देणीं फेडतात. मात्र पहिल्या दिवशीं केरसुणीस हात लावीत नाहींत. केराबरोबर नवें भाग्यही घराबाहेर जाईल, अशी समजूत आहे. वडील माणसें मुलांस तांबड्या पाकिटांतून पैसे देतात. टिरेट्टा बाजार व टांग्रा या वस्त्यांतून ढोलझांजांच्या गजरांत सिंहनृत्य निघतें. एका सिंहांत दोन तरुण असतात. एक मस्तक हालवितो, दुसरा वांकून धड सांभाळतो. दारावर टांगलेली पालेभाजी सिंह 'खातो' व पानें उधळतो. ही भरभराटीची खूण मानतात. या समाजांत ख्रिस्ती कुटुंबेंही आहेत.

नववर्षानंतरच्या रविवारीं कित्येक कुटुंबें बजबजपलीकडे हुगळीकांठीं असलेल्या अचिपुरास जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अचू नांवाच्या चिनी गृहस्थानें वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून तेथें साखरेचा कारखाना काढला. गांवाचें नांव त्याच्याच नांवावरून पडलें. त्याच्या तांबड्या समाधीपुढें उदबत्त्या लावून लोक आपल्या आद्य पूर्वजाचें स्मरण करतात. मागाहून आलेल्यांनीं सुतारकाम, जोडे शिवणें, चामडें कमावणें व दंतवैद्यकी या धंद्यांत नांव मिळविलें.

परंतु १९६२ सालीं भारत-चीन युद्ध झालें, तेव्हां देशांतील चिनी वंशाच्या सुमारें ३,००० लोकांस राजस्थानांतील देवळीच्या छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांत लहान मुलें होतीं, वृद्ध होते, आणि जन्मापासून दुसरा देश न पाहिलेलीं माणसेंही होतीं. त्यांनीं कोणता अपराध केला होता? केवळ वंशावरून त्यांच्याविषयीं संशय घेण्यांत आला. सुटकेनंतर पुष्कळजण कॅनडादि देशांत गेले, आणि एके काळीं गजबजलेल्या वस्त्या विरळ झाल्या. तरीही नववर्षास दूरदेशींचे कित्येक आप्त परत येतात, एका पंक्तीस बसतात, आणि सिंह पुन्हां रस्त्यांत नाचूं लागतो. म्हणूनच हा सण केवळ करमणूक नव्हे. पांगलेल्या कुटुंबांस बांधून ठेवणारा तो धागा आहे.

मुंबईस जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं माझगांवांतील जुनें चिनी मंदिर अवश्य पाहावें. आणि ज्याची चर्या आपल्याहून निराळी तो परका, असा निर्णय घाईनें करूं नये. ज्याच्या पूर्वजांच्या समाध्या या मातींत आहेत, तो या मातीचाच होय. आणि जो खरोखरच परका आहे, त्यासही आसरा द्यावा, हीच आम्हांस लहानपणापासून मिळालेली शिकवण आहे.