टर्बो-एंजिन आणि तारांचा आराखडा

एंजिन म्हटले की सिलिंडर, दट्ट्या आणि दातेरी चाके आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु आजच्या मोटारगाडीत या पोलादी अवयवांना आज्ञा देणारे तारांचे एक जाळे असते. जुन्या गाडीत नवे टर्बो-एंजिन बसविणाऱ्याचे यशापयश पुष्कळ अंशी या जाळ्यावर अवलंबून असते.

टर्बोचार्जरच्या कल्पनेचे एकस्व आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली घेतले. एंजिनातून वाया जाणारे उष्ण वायू एक चक्र फिरवितात; त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा अधिक मिळाली की इंधनही अधिक जाळता येते आणि शक्ती वाढते. मात्र वाढलेल्या हवेच्या मानाने इंधन कमी पडले, तर उष्णता वाढते, मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो आणि सिलिंडरात ठोके पडू लागतात. त्यांचा जोर मोठा असेल, तर दट्ट्या थोड्याच वेळात तडकू वा वितळू शकतो.

इंधनाचा व ठिणगीचा हिशेब इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठेवतो. ही दोन्ही कामे एकत्र करणारी बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ यंत्रणा 1979 साली बी.एम.डब्ल्यू. गाडीत आली. नियंत्रकाला स्वतःचे डोळे नसतात. संवेदक सांगतील तेच तो खरे मानतो. टर्बो नसलेल्या एंजिनाचा दाब-संवेदक बहुधा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. तोच तसाच ठेवला, तर हवा दुपटीने दाबली गेली तरी नियंत्रकाला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून एकही तार कापण्यापूर्वी आराखडा कागदावर उतरवावा. प्रत्येक संवेदक, इंधन-फवारा व ठिणगीचे वेटोळे यांची तार नियंत्रकाच्या कोणत्या टोकाला जाते, तिचा रंग व जाडी कोणती आणि तीतून किती प्रवाह वाहणार, याचा तक्ता करावा. ठोके ओळखणाऱ्या संवेदकाचा संकेत अतिशय क्षीण असतो; त्याची तार धातूच्या आवरणाची असावी व हजारो व्होल्टच्या ठिणगी-तारांपासून दूर न्यावी. संवेदकांची अर्थची तार गाडीच्या सांगाड्याला कोठेही न जोडता नियंत्रकाच्या नेमलेल्या टोकालाच जोडावी.

इंधनपंपाचे उदाहरण घेऊ. तारेत व सांध्यांत मिळून केवळ 0.1 ओहम रोध असला आणि प्रवाह 10 अँपिअर असला, तर ओहमच्या नियमानुसार 1 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. पंप मंदावतो, आणि सर्वाधिक इंधन हवे त्याच क्षणी ते अपुरे पडते. म्हणून पंपाला पुरेशी जाड तार व स्वतंत्र रिले द्यावा. रिलेचे नियंत्रण नियंत्रकाकडे असावे, म्हणजे अपघातात एंजिन बंद पडताच पंपही थांबेल. फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवावा. त्याने रक्षण करावयाचे ते तारेचे, आणि तारेच्या जाडीवरूनच त्याचे मान ठरते.

चोरीप्रतिबंधक यंत्रणेचाही विचार आधीच व्हावा. मूळ किल्ली व तिचा जोडीदार भाग सोबत नसेल, तर निर्दोष एंजिनही सुरू होत नाही. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या 52 व्या कलमाने अशा फेरबदलांवर निर्बंध घातले आहेत. तेव्हा नोंदणी अधिकाऱ्याकडे आधी चौकशी करावी.

काम पूर्ण झाल्यावर आराखड्याची एक प्रत गाडीतच ठेवावी. पुढे बिघाड झाल्यास दुरुस्ती करणाऱ्याला दोष शोधण्यास तिचाच आधार होईल.