तेरव्यूरेनचे पत्र : खिळ्यांत ठोकलेली वचनं

ब्रसेल्सच्या माँटगोमेरी चौकातून निघालेली ४४ नंबरची ट्राम रानातून वाट काढत तेरव्यूरेनला येते. इथलं आफ्रिका म्युझियम काँगो ताब्यात ठेवणाऱ्या बेल्जियन राजा लिओपोल्डच्या १८९७ च्या प्रदर्शनातून उभं राहिलं. त्या प्रदर्शनात लोकांना दाखवायला २६७ काँगोली माणसं आणली होती. त्यांतली सात इथेच दगावली. बेल्जियम समजून घ्यायचा, तर सुरुवात इथून करावी.

वारजेकर वाचकांना मला सांगायचंय ते मात्र लाकडी मूर्तींबद्दल. काँगो नदीच्या मुखाकडे राहणारे कोंगो लोक त्यांना न्किसी न्कोंडी म्हणतात. उगारलेला हात, पोटावर काच लावलेली डबी आणि अंगभर ठोकलेले खिळे, लोखंडी पाती. जवळून पाहिलं, तर काही खिळ्यांना चिंध्या आणि दोरे गुंडाळलेले दिसतात. गोऱ्यांनी याला जादूटोणा ठरवलं. खरं तर हे गावाचं दप्तर. दोन घरांत सोयरिकीचा किंवा व्यवहाराचा करार झाला, तंटा मिटला, की न्गांगा म्हणजे जाणत्या वैद्यासमोर शपथ व्हायची आणि खिळा ठोकला जायचा. शब्द मोडणाऱ्याला मूर्ती शोधून काढते, अशी श्रद्धा. त्या डबीत न्गांगा औषधी आणि माती भरत नाही, तोवर ते नुसतं लाकूड. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडायला आपल्याकडे माणूस कचरायचा, ते बळ या खिळ्यांत होतं.

१८७८ साली काँगो नदीवरच्या बोमा बंदरात युरोपीय व्यापारी आणि तिथले सरदार यांच्यात लढाई जुंपली. अलेक्झांडर देलकम्यून या बेल्जियन व्यापाऱ्याने ने कुको या सरदाराच्या गावातली मूर्ती उचलून नेली. ती परत मिळावी म्हणून सरदारांनी विनवण्या केल्या, त्याने दाद दिली नाही. मूर्ती हातात असली की माणसं हातात राहतात, हे त्याने ओळखलं होतं. पुढे ती तेरव्यूरेनच्या संग्रहात आली.

२०२२ मध्ये बेल्जियमचे राजे फिलिप यांनी काँगोतल्या किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला सुकू समाजाचा काकुंगू मुखवटा दिला, पण बेमुदत उसना. वसाहतीच्या काळातल्या वस्तू परत करण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला, हे चांगलं झालं. पण वसाहतीच्या काळात नेलेली वस्तू तिच्याच धन्याला उसनी द्यायची, हे मला पटत नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनची वाघनखं साताऱ्यात आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर, तेव्हा हा सल मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. ने कुकोच्या गावाची मूर्ती बोमाला कायमची परत गेली पाहिजे.