न भरणारी जखम आणि त्वचेचा कर्करोग

शेतात राबणाऱ्यास लहानसहान जखमांचे अप्रूप नसते. खुरप्याचा वार असो वा चुलीचा चटका, पंधरवड्यात जागा बहुधा भरून येते. महिना उलटूनही जी जखम भरत नाही, ती मात्र निराळी समजावी.

गोऱ्या लोकांत त्वचेचा कर्करोग मुख्यत्वे उन्हामुळे होतो. आपल्या त्वचेतील काळा रंग उन्हाचा बराचसा मारा अडवितो. म्हणून आपल्याकडे हा रोग वारंवार घासल्या जाणाऱ्या जागी किंवा भाजल्याच्या जुन्या वणावरही शोधावा लागतो. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली कमरेवरील अशा कर्करोगाचे वर्णन केले. धोतर घट्ट नेसण्याशी संबंध असल्याने त्यास धोतराचा कर्करोग असेच नाव पडले.

धोतर आता मागे पडले. लुगड्याची गाठ आणि परकराची नाडी राहिली. वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी २०२४ साली दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. एकीची कुशीवरील जखम १८ महिने भरली नव्हती. दुसरी ४० वर्षे रोज लुगडे नेसत असे. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतील गाठीत उतरला होता. कमरेची जखम वस्त्राखाली झाकली जाते व लाजेने सांगितली जात नाही. गावातील कार्यकर्तीने ती आपण होऊन विचारली पाहिजे.

नाडीखालची कातडी काळवंडणे, खाजणे, सोलणे एवढ्यावरून कर्करोग झाला असे मानू नये. नाडी रुंद पट्टीची घ्यावी, सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलीत जावी. परंतु तेथे व्रण होऊन त्याच्या कडा जाड व कठीण झाल्या, सहज रक्त येऊ लागले किंवा कोबीच्या फुलासारखे मांस वाढू लागले, तर तपासणी तातडीने करून घ्यावी. दुखत नाही म्हणून थांबू नये. भाजल्याच्या वणावर असा व्रण कित्येक वर्षांनीही उद्भवतो.

तळपायावरील वाढत जाणारा काळा डाग किंवा नखाखालची रुंदावणारी काळी रेघ हीदेखील धोक्याची खूण होय. काटा मोडला असेल, रक्त साकळले असेल, अशा समजुतीने तिच्याकडे दुर्लक्ष होते.

तपासणीसाठी जखमेचा लहानसा तुकडा काढतात. त्याने रोग पसरतो हा निव्वळ अपसमज आहे. रोग त्वचेपुरता असतानाच शस्त्रक्रिया झाली, तर रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रोग्यास पाठविताना जखम किती महिन्यांची आहे, हे चिठ्ठीत अवश्य लिहावे.