नवें घर घेतांना आपल्या बाजूचा माणूस

[नभोवाणीवरील भाषण]

श्रोतेहो, मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आयुष्यांत घरखरेदीएवढा मोठा व्यवहार बहुधा दुसरा होत नाहीं. पंधरा-वीस वर्षांची शिल्लक, पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्जाचे हप्ते आणि क्वचित् घरांतील दागिनेहि, इतकें सर्व एका सहीवर अवलंबून असतें. असें असून या व्यवहारांत विकणाराच्या बाजूला वकील, वास्तुविशारद, हिशेबनीस आणि तरबेज विक्रेते असतात. घेणाराच्या बाजूला मात्र नवरा, बायको आणि फार तर एखादा अनुभवी मेहुणा! ही विषमता कमी करण्यासाठीं खरेदीदारानें स्वतःचा प्रतिनिधि नेमावा काय, नेमल्यास त्याच्याकडून कोणतें काम घ्यावें, आणि तो खरोखर आपलाच आहे हें कसें ओळखावें, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. उदाहरणें मी मुंबई-पुण्याकडील नव्या सदनिकांचीं घेणार आहें.

कोणी म्हणेल, "प्रतिनिधि कशाला? दलाल आहेच कीं, आणि तो आमच्याकडून एक पैहि घेत नाहीं." येथेंच पहिली मेख आहे. जुन्या घराच्या विक्रींत दलाल बहुधा दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो. परंतु नव्या इमारतींत ती साधारणतः बिल्डर देतो. अशा दलालाला हल्लीं 'चॅनेल पार्टनर' असें भारदस्त नांव आहे. विक्री-कचेरींत पाऊल टाकतांच आपणांस जो तक्ता भरावयास देतात, त्यांत 'आपणांस येथें कोणीं आणलें' असा एक रकाना असतो. त्या रकान्यांत ज्याचें नांव पडेल, त्याची दलाली नक्की होते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा जगाचा न्याय आहे. त्यांत त्या माणसाला दुष्ट ठरविण्याचें कारण नाहीं. तो कोणाचा माणूस आहे, एवढें आपणांस स्पष्ट दिसलें म्हणजे पुरे.

आतां थोडें गणित करूं. समजा, सदनिकेची किंमत 1 कोटि रुपये आहे आणि बिल्डर शेंकडा 2 दलाली देतो. म्हणजे दलालाचे 2 लाख रुपये झाले. त्यानें आपल्या वतीनें घासाघीस करून किंमत 5 लाखांनीं उतरविली, तर आपले 5 लाख वांचतात आणि त्याचे केवळ 10 हजार बुडतात. तेवढें तो आनंदानें सोशील. परंतु "या इमारतीचे कागद मला ठीक दिसत नाहींत, येथें घेऊं नका" असें तो म्हणाला, तर त्याचे सबंध 2 लाख जातात. शिवाय शेजारची इमारत शेंकडा 3 देत असेल, तर तिच्याकडे आपणांस वळविण्यांत त्याचा 1 लाख अधिक लाभ आहे. या हिशेबावरून एक गोष्ट ध्यानांत येते. असा दलाल किंमत चढवील ही भीति लहान आहे. योग्य वेळीं तो "नको" म्हणणार नाहीं, ही भीति मोठी आहे. आणि खरेदीदाराला सर्वांत मोलाचा सल्ला पुष्कळदां 'नको' हाच असतो.

कायदा या बाबतींत काय सांगतो? स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016, ज्याला आपण 'रेरा' म्हणतों, त्याच्या 9 व्या कलमाप्रमाणें नोंदणी केल्यावांचून कोणाहि एजंटाला नोंदलेल्या प्रकल्पांतील घर विकण्यास किंवा घेण्यास मदत करतां येत नाहीं. 10 व्या कलमानें त्याला खोटी माहिती देण्याची मनाई आहे, आणि घराच्या आगाऊ नोंदणीच्या वेळीं ग्राहकाला जे कागद मिळण्याचा हक्क आहे ते मिळवून देणें त्याचें कर्तव्य आहे. महाराष्ट्रांत प्रकल्पाचा नोंदणी-क्रमांक 'पी' या अक्षरानें व एजंटाचा 'ए' या अक्षरानें सुरू होतो. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या ताडून पाहतां येतात. मात्र या नोंदणीवरून तो अधिकृत आहे एवढेंच कळतें; तो कोणाच्या बाजूचा आहे, हें कळत नाहीं.

तें ठरतें जुन्या भारतीय करार अधिनियमानें. 1872 सालच्या या कायद्यांत एजंटाचीं कर्तव्यें 211 व्या कलमापासून पुढें सांगितलीं आहेत. त्यानें धन्याच्या सूचनांप्रमाणें वागावें, कौशल्यानें व दक्षतेनें काम करावें, मागतांच हिशेब द्यावा. धन्याला न कळवितां त्याच्याच कामांत एजंटानें स्वतःसाठीं व्यवहार केला, तर त्यांतील लाभ मागण्याचा हक्क 216 व्या कलमानें धन्याला दिला आहे. परंतु या कर्तव्यांचा उपयोग होण्यास आपण त्याचे 'धनी' असलों पाहिजे. आणि धनीपणा नुसत्या ओळखीनें सिद्ध करणें कठीण. म्हणून नेमणूक लेखी असावी. अमेरिकेंत घरांच्या दलालांवरील मोठ्या दाव्यांच्या तडजोडीनंतर 17 ऑगस्ट 2024 पासून असा नियम आला कीं, खरेदीदाराच्या एजंटानें घर दाखविण्यापूर्वींच त्याच्याशीं लेखी करार करावा व आपला मेहनताना त्यांत स्पष्ट लिहावा. आपणांकडे असें बंधन नसलें, तरी तशी शिस्त पाळण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

या नेमणूकपत्रांत चार गोष्टी अवश्य असाव्या. पहिली, मेहनताना ठराविक रकमेचा असावा, किंमतीच्या प्रमाणांत नसावा. आणि घर घेतलें नाहीं तरी तो द्यावयाचा, असें असावें. हें ऐकून दचकूं नका. 'नको' म्हणण्याचें स्वातंत्र्य त्याला याच कलमानें मिळतें. दुसरी, बिल्डरकडून त्याला कांहीं मिळत असल्यास तें त्यानें आधीं सांगावें व आपल्या मेहनतान्यांतून वजा करावें. तिसरी, कामाची यादी व मुदत. चौथी, आपल्या संमतीवांचून त्यानें कोठेंहि सही करूं नये अथवा पैसे स्वीकारूं नयेत. आणि हें सर्व विक्री-कचेरींत पहिलें पाऊल टाकण्यापूर्वींच व्हावें. कारण एकदां त्या रकान्यांत दुसऱ्याचें नांव पडलें, म्हणजे वाद उत्पन्न होतात.

आतां अशा प्रतिनिधीचें काम पाहूं. इसार देण्यापूर्वीं त्यानें महारेराच्या पानावरून मंजूर नकाशे, बांधकाम-प्रारंभ प्रमाणपत्र, जमिनीवरील बोजा, चालू दावे आणि पूर्ण करण्याची तारीख किती वेळां पुढें ढकलली आहे, हें पाहावें. क्षेत्रफळ तर मुळींच विसरूं नये. जाहिरातींत 1000 चौरस फूट म्हटलें असेल, तर त्यांत जिना, उद्वाहक व वऱ्हांडा यांचा वांटा मिसळलेला असूं शकतो. कायद्यानें विक्रीचें माप चटई क्षेत्र हें आहे. त्यांत आंतील भिंती धरतात, परंतु बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची धरीत नाहींत. भाव त्याच मापानें काढावा, म्हणजे दोन इमारतींची तुलना खरी होते.

पैसे देण्याच्या वेळीं त्यानें दोन आंकडे डोळ्यांपुढें ठेवावेत. 13 व्या कलमाप्रमाणें करारनामा नोंदविल्यावांचून किंमतीच्या शेंकडा 10 हून अधिक रक्कम बिल्डरला घेतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील नमुना करारनाम्याप्रमाणें करारनंतर एकूण 30, जोत्यापर्यंत 45 आणि सर्व स्लॅब पडेपर्यंत 70 टक्के, अशा मर्यादा असून शेवटचा अंश भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळतांना द्यावयाचा असतो. तो शेवटचा अंश म्हणजे आपल्या हातांतील अखेरची लगाम. ती लवकर सोडूं नये. घासाघिशींतहि जाणत्या माणसाचा उपयोग होतो. आधींच्या ग्राहकांत ओरड होईल म्हणून बिल्डर उघड भाव उतरविण्यास नाखूष असतो. परंतु हप्त्यांची सोय, मुद्रांक शुल्काचा भार किंवा आंतील सामान यांत तो पुष्कळदां नमतें घेतो.

ताब्याच्या दिवशीं प्रतिनिधीनें स्थापत्य-अभियंत्यास बरोबर आणून ओल, भेगा, उतार, नळ व विजेच्या जोडण्या तपासाव्या आणि दोषांची यादी लेखी द्यावी. ताब्यानंतर पांच वर्षांच्या आंत इमारतीच्या रचनेंत किंवा कामांत दोष दिसून आल्यास, कळविल्यापासून तीस दिवसांत तो बिनखर्चानें दुरुस्त करण्याचें बंधन 14 व्या कलमानें बिल्डरवर आहे. ती पहिल्या दिवसाची यादी पुढें पुरावा म्हणून उपयोगीं पडते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रतिनिधि कितीहि हुशार असला, तरी जमिनीच्या मालकीचा शोध वकिलानेंच घ्यावा. हा वकील बिल्डरनें सुचविलेला नसावा. बँकेनें कर्जासाठीं कागद पाहिले म्हणजे झालें, असेंहि समजूं नये. बँक आपल्या कर्जापुरतें पाहते. तुमचा प्रश्न तुमच्या संसाराचा असतो.

खर्चाचें काय, असें कोणी विचारील. कोट्यवधि रुपयांच्या व्यवहारांत वकील, अभियंता व प्रतिनिधि या तिघांचा मेहनताना बहुधा किंमतीचा लहानसा अंश असतो. तोहि झेपत नसेल, तर प्रतिनिधीचें काम स्वतः करावें. वर सांगितलेली तपासणी साक्षर माणसाला चार संध्याकाळींत करतां येईल. परंतु वकील व अभियंता यांच्यावर काटकसर करूं नये. आणि दलालाकडूनच घर घ्यावयाचें झालें, तर त्याला एकच प्रश्न सरळ विचारावा: "या व्यवहारांत तुम्हांला कोण पैसे देतो, आणि किती?" प्रामाणिक माणूस त्याचें उत्तर लगेच देतो. जो चुळबुळ करूं लागतो, त्याच्यापुढें सही करण्याची घाई करूं नये.